झाकीरभाईंविषयी सतत विचारले जाणारे प्रश्न

दादरला माझा तबल्याचा वर्ग आहे. नव्यानं नाव घातलेल्या मुलाच्या आईपासून ते तीस वर्षं बैठकी ऐकणाऱ्या काकांपर्यंत सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तबलावादक उस्ताद झाकीर हुसेन यांच्याकडे येतात. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेल्यानंतर तर रोज कुणी ना कुणी काहीतरी विचारतंच. तीच तीच उत्तरं तोंडी देण्याऐवजी इथे लिहून ठेवली आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घराणं पंजाबचं, मग झाकीर हुसेन मुंबईचे कसे?

घराणं म्हणजे विद्येचं माहेर, राहण्याचा पत्ता नव्हे. झाकीरभाईंचा जन्म ९ मार्च १९५१ रोजी मुंबईत झाला आणि बालपण माहीमला गेलं. वडील उस्ताद अल्लारखाँ जम्मूकडच्या घगवाल गावचे. तबल्याच्या वेडापायी ते लहान वयातच घर सोडून लाहोरला गेले आणि मियाँ कादिरबख्श यांच्याकडे पंजाब घराण्याची तालीम घेतली. पुढे आकाशवाणीच्या निमित्तानं ते मुंबईला आले आणि मुंबईचेच झाले. काही काळ त्यांनी ए. आर. कुरेशी या नावानं हिंदी चित्रपटांना संगीतही दिलं. त्यामुळे पंजाब मुलाला वारशानं मिळाला आणि मुंबई जन्मानं.

ज्यांनी माहीम पाहिलं आहे त्यांना या गोष्टीचं मोल लवकर कळतं. मखदूमशाह बाबांचा दर्गा, सेंट मायकल चर्च, बुधवारच्या नोव्हेनाची गर्दी, डिसेंबरातली जत्रा आणि संदलच्या मिरवणुकीतले ताशे, हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. मुलगा पहाटे वडिलांसमोर बसून बोल म्हणायचा, मग मदरशात कुराण शिकायचा आणि नंतर मिशनरी शाळेत जाऊन प्रार्थनागीतं म्हणायचा. दुपार व्हायच्या आत तीन तऱ्हेचे नाद कानावर पडून गेलेले असायचे. हा कान पुढे कुठे कामी आला ते प्रश्न ८ मध्ये.

२. वडील आणि भाऊ कुरेशी, मग हे हुसेन का?

कुटुंबाचं आडनाव कुरेशीच. तौफिक कुरेशी आणि फझल कुरेशी हे दोघे भाऊ ते लावतात. झाकीरभाई स्वतः सांगत की त्यांच्या जन्माच्या सुमारास वडील फार आजारी होते, घरात काळजी होती, आणि एका फकिरानं आईला मुलाचं नाव झाकीर हुसेन ठेवायला सांगितलं. म्हणजे ‘हुसेन’ हा त्यांच्या नावाचाच भाग आहे, आडनाव नाही.

३. बाळाच्या कानात अल्लारखाँसाहेबांनी तबल्याचे बोल म्हटले होते, हे खरं का?

झाकीरभाईंनीच ही हकीकत अनेकदा सांगितली आहे. बाळ घरी आल्यावर वडिलांनी कानात प्रार्थना म्हणायची, अशी रीत. अल्लारखाँसाहेबांनी बाळ हातात घेतलं आणि तालाचे बोल म्हणायला सुरुवात केली. आई, बावी बेगम, रागावल्या. त्यावर त्यांचं म्हणणं असं की माझी प्रार्थना हीच.

पालक मला ही गोष्ट कौतुकानं सांगतात आणि लगेच विचारतात, ‘म्हणजे हे रक्तातच असावं लागतं का?’ त्यांना पुढचा प्रश्न वाचायला सांगतो.

४. ते तबला कधीपासून आणि कसा शिकले? शाळा-कॉलेज केलं का?

साधारण सातव्या वर्षी नेमानं तालीम सुरू झाली, तीही पहाटे तीनला. वडील दौऱ्यावरून आलेले असोत किंवा निघणार असोत, त्या दोन-तीन तासांत बाप आणि मुलगा समोरासमोर बसत. त्यातला मोठा भाग हातानं वाजवण्याचा नव्हताच, तोंडानं बोलण्याचा होता. कायदा, गत, परण अशा तबल्याच्या रचना; आधी सगळं जिभेवर बसायचं आणि मग बोटांत उतरायचं. याला आपण पढंत म्हणतो. मुलाला वर्गात घातल्याच्या दुसऱ्या महिन्यात ‘अजून नुसतं बोलायलाच लावता का?’ असं विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

शाळा माहीमची सेंट मायकल, कॉलेज सेंट झेवियर्स. बाराव्या वर्षापासून कार्यक्रमांचे दौरे सुरू झाले, पण शिक्षण सोडलं नाही. रक्ताचा भाग किती आणि पहाटे तीनचा किती, हे मोजायला माझ्याकडे माप नाही. एवढं सांगतो की त्याच घरातल्या तिन्ही भावांचा हात वेगळा आहे. फझल तबल्यात राहिले. तौफिक यांनी जेंबे हा आफ्रिकी ढोल घेतला आणि त्यावर आपले बोल बसवले.

५. परदेशात ते पहिल्यांदा कसे गेले?

वडिलांच्या जागी. अल्लारखाँसाहेब तेव्हा पंडित रविशंकर यांच्याबरोबर जगभर फिरत होते. १९६७ चा माँटेरी महोत्सव आणि १९६९ चा वुडस्टॉक या दोन्ही ठिकाणी तबल्यावर तेच होते. १९७० मध्ये ते आजारी पडले आणि अमेरिकेच्या दौऱ्यासाठी मुलाला बोलावणं आलं. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या सभागृहात त्या मुलानं रविशंकरांना साथ केली. वय जेमतेम अठरा-एकोणीस.

वडिलांच्या जागी बसणं किती अवघड, ते साथ करणाऱ्यालाच कळेल. रविशंकर आणि अल्लारखाँ ही जोडी डोळ्यांनी बोलायची. सतारीवर तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपवायचा तुकडा, सुरू व्हायच्या आधी तबल्याला ती ठाऊक असायची. त्या सवयीच्या माणसासमोर नवखा हात घेऊन बसायचं आणि समोरच्या श्रोत्यांनी तर तबला याआधी कधी जवळून पाहिलेलाही नाही.

६. तिकडे गेल्या गेल्या नाव झालं का?

नाही. पहिली काही वर्षं शिकवण्यात गेली. आधी सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आणि मग कॅलिफोर्नियात सॅन राफेल इथे उस्ताद अली अकबर खाँ यांच्या संगीत महाविद्यालयात. आपल्या मुलांना अमेरिका म्हटलं की थेट मोठा मंच दिसतो. प्रत्यक्षात तो विशीतला मुलगा ज्यांना ‘धा’ आणि ‘ता’ मधला फरक ऐकू येत नव्हता अशा माणसांना रोज तो फरक शिकवत होता.

मला वाटतं या शिकवण्यानंच त्यांना घडवलं. माहीममध्ये जे न सांगता कळत होतं ते तिथे उलगडून सांगावं लागलं, आणि सांगताना माणूस स्वतःचीच विद्या नव्यानं तपासतो. अली अकबर खाँसाहेबांच्या सरोदला रोजच्या रोज साथ करायला मिळाली ती वेगळीच. त्याच परिसरात रॉक, जाझ आणि आफ्रिकी तालवाद्यं वाजवणारी माणसं राहत होती. ग्रेटफुल डेड या बँडचे ड्रमवादक मिकी हार्ट तिथेच भेटले आणि १९७६ मध्ये दिगा ऱ्हिदम बँडचा अल्बम निघाला. जॉर्ज हॅरिसन यांच्या १९७३ च्या अल्बमवरही तबला झाकीरभाईंचाच आहे.

७. ‘शक्ती’ म्हणजे नेमकं काय?

शक्ती हा चार वादकांचा गट होता. इंग्लिश गिटारवादक जॉन मॅकलॉफलिन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर (दक्षिणेतला वाजवायचा मातीचा घडा) विक्कू विनायकराम आणि तबल्यावर झाकीर हुसेन. १९७५ मधल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण १९७६ मध्ये पहिला अल्बम म्हणून आलं, आणि १९७७ पर्यंत आणखी दोन अल्बम निघाले. ‘फ्युजन’ हा शब्द नंतर स्वस्त झाला, म्हणून हा गट काय करत होता ते थोडं सविस्तर सांगतो.

यात ड्रमसेट नव्हता, कीबोर्ड नव्हता, गिटारसुद्धा विजेची नव्हती. चौघे जमिनीवर मांडी घालून बसत. जाझमधली उत्स्फूर्तता आणि आपली उपज यांची गाठ पडली, हे तर झालंच. माझ्या लेखी त्याहून मोठी घटना म्हणजे तबला आणि घटम शेजारी बसले. उत्तरेचा तबलजी आणि दक्षिणेचा घटमवादक एकाच लयीत चालले तरी त्यांची मोजायची रीत निराळी. आपण ठेका धरतो, तालाचे हलके आणि भरीव भाग, म्हणजे खाली-भरी, दाखवतो. कर्नाटक पद्धतीत ताल हातावर मोजतात आणि वाद्य त्या मोजणीवर हिशेब मांडत जातं. झाकीरभाई विक्कूंचा तो हिशेब शिकले. पुढे आयुष्यभर त्यांच्या वादनात दक्षिणेच्या तिहाया आणि कोरवै, म्हणजे हिशेबानं बांधलेले समारोपाचे तुकडे, सहज येत राहिल्या. म्हणजे परदेशातल्या मंचावर मुंबईच्या माणसाला चेन्नई भेटली.

१९९७ मध्ये ‘रिमेम्बर शक्ती’ या नावानं गट पुन्हा उभा राहिला. सुरुवातीला हरिप्रसाद चौरसिया होते. नंतर मेंडोलिनवर यू. श्रीनिवास आले, विक्कूंच्या जागी त्यांचे चिरंजीव सेल्वागणेश आले, आणि गायला आपले चेंबूरचे शंकर महादेवन. २०२३ मध्ये पन्नाशीच्या दौऱ्याबरोबर ‘धिस मोमेंट’ हा नवा अल्बम निघाला. त्याचं पुढे काय झालं ते प्रश्न ११ मध्ये.

८. तबलजी तर साथीला असतो. साथ करणारा माणूस जगप्रसिद्ध कसा होतो?

मला सगळ्यांत जास्त आवडणारा हा प्रश्न. ‘साथीला’ हा शब्द आपण कमीपणानं उच्चारतो, तिथेच थोडं चुकतं.

मराठी माणसाला खरं तर हे वेगळं सांगायला नको. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या मागे अहमदजान थिरकवा तबल्यावर बसत, आणि जुने लोक पदाइतकीच त्या ठेक्याची आठवण काढत. पण बैठकीत तबलजी बाजूला बसणार, जाहिरातीत त्याचं नाव बारीक अक्षरांत येणार आणि बिदागी सगळ्यांत कमी मिळणार, ही पद्धतही आपलीच. रविशंकर आणि अल्लारखाँ यांनी परदेशात ती मोडायला घेतली. तबल्याला एकल वाजवायला वेळ मिळू लागला, सवाल-जबाब होऊ लागले. झाकीरभाई आले तेव्हा दार उघडलेलं होतं.

त्या दारातून आत जाऊन त्यांनी काय केलं? त्यांनी ऐकलं. शिवकुमार शर्मांच्या संतूरचा नाजूक स्वर असेल तर शाईवर, म्हणजे तबल्यावरच्या काळ्या वर्तुळावर, बोट असं पडायचं की संतूरचा तरंग विरेपर्यंत वाट पाहिली जायची. हरिजींची (हरिप्रसाद चौरसियांची) बासरी असेल तर डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा तबला, श्वासासारखा. बेला फ्लेक यांचा बँजो असेल तर त्याच्या टणत्काराला पुरून उरणारी, तबल्याच्या काठावरची कोरडी चाट. चार्ल्स लॉइड यांचा सॅक्सोफोन असेल तर कधी कधी कितीतरी वेळ काहीच नाही, नुसतं लक्ष. समोर राग नसेल, गत ठाऊक नसेल, समही आपल्या जागी नसेल, तरी दोन आवर्तनांत ते त्या माणसाची चाल ओळखत.

आणि हे करताना त्यांनी तबला पातळ केला नाही. पेशकार, म्हणजे एकल वादनाची संथ सुरुवात, पेशकारच राहिला; रेला, म्हणजे वेगानं वाहणारे बोल, रेलाच. २००६ मध्ये बेला फ्लेक आणि डबल बासवादक एडगर मेयर यांच्याबरोबर त्यांनी तिहेरी कन्चेर्टो, म्हणजे तीन मुख्य वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, लिहिला. २०१५ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासाठी तबल्याचा कन्चेर्टो लिहिला, त्याचं नावच ‘पेशकार’, आणि तो पहिल्यांदा वाजला आपल्या नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये. परदेशी श्रोत्याला सोपं जावं म्हणून नाव बदलावंसं त्यांना वाटलं नाही. परदेशातल्या त्यांच्या यशाचं कारण विचाराल तर मी हेच सांगेन की ते तिकडेही साथच करत राहिले, पूर्ण मनानं.

९. पंजाब घराण्याचा बाज, म्हणजे वाजवण्याची ढब, वेगळा म्हणजे काय?

तबल्याची सहा घराणी मानतात. दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस आणि पंजाब. पंजाबवर पखवाजाची छाया दाट आहे, म्हणून खुले, जोरकस बोल आणि लांब रचना. लयकारीचे अवघड हिशेब ही त्यांची खास ओळख, आणि साडेनऊ, अकरा, तेरा मात्रांत रमणं ही अल्लारखाँसाहेबांची आवड. झाकीरभाईंनी मात्र दिल्लीचे कायदे आणि फरुखाबादच्या गतीही प्रेमानं वाजवल्या. मुंबईत अमीर हुसेन खाँसाहेबांसारखे फरुखाबादचे दिग्गज होतेच, त्यामुळे या शहरात वाढलेल्या तबलजीचा कान एकाच घराण्यावर अडून राहत नाही.

१०. त्यांचा डग्गा गातो असं म्हणतात. ते कसं करतात?

डग्ग्यावर बोटानं आघात केल्यावर तळहाताची टाच चामड्यावर दाबत पुढे सरकवली की स्वर चढतो, मागे घेतली की उतरतो. याला घिस्सा म्हणतात, लांबवला तर मींड. करतात सगळेच. झाकीरभाईंचा दाब इतका मोजका असायचा की चढलेला स्वर नेमक्या सुरावर थांबायचा. त्यामुळे डग्ग्यावर धून ओळखू यायची. मैफलीत ते एकट्या तबल्यावर डमरू आणि शंख ऐकवत. उजव्यावर डमरूची खडखड, डाव्यावर शंखाचा लांबलेला नाद.

दुसरी गोष्ट फारसं कुणी विचारत नाही, ती म्हणजे मायक्रोफोन. ध्वनियोजना हा ते वादनाचाच भाग मानत. डग्ग्याचा खर्ज सभागृहाच्या शेवटच्या रांगेत कसा पोहोचतो ते कार्यक्रमाआधी बारकाईनं तपासत. तबले मात्र मुंबईत घडत. उपनगरातले एक मराठी कारागीर कित्येक वर्षं त्यांच्यासाठी पुड्या, म्हणजे तबल्याची चामडी, चढवत होते. मी विद्यार्थ्यांना सांगतो, शाईचे थर देणाऱ्या हातालाही कान असावा लागतो.

११. ग्रॅमी नक्की किती? कुठे चार लिहितात, कुठे पाच.

घोळ १९९२ चा आहे. मिकी हार्ट यांच्या ‘प्लॅनेट ड्रम’ या अल्बमला त्या वर्षी जागतिक संगीताच्या अल्बमचं ग्रॅमी मिळालं. हा विभाग तेव्हाच नव्यानं सुरू झाला होता. झाकीरभाई त्या अल्बमचे महत्त्वाचे वादक होते, पण पुरस्कार हार्ट यांच्या नावावर आहे. तो धरला तर पाच, न धरला तर चार.

बाकीचे असे. २००९ मध्ये ‘ग्लोबल ड्रम प्रोजेक्ट’साठी एक. ४ फेब्रुवारी २०२४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये एकाच दिवशी तीन: शक्तीच्या ‘धिस मोमेंट’ला जागतिक संगीताचा अल्बम म्हणून, ‘पश्तो’ या रचनेला जागतिक संगीताचं सादरीकरण म्हणून आणि ‘ॲज वी स्पीक’ला समकालीन वाद्यसंगीताचा अल्बम म्हणून. शेवटच्या दोन्हींत बेला फ्लेक, एडगर मेयर आणि बासरीवर राकेश चौरसिया होते. एका वर्षात तीन ग्रॅमी मिळवणारे ते पहिले भारतीय. तेव्हा वय होतं ७२.

१२. ग्रॅमी मिळवणारे पहिले भारतीय तेच का?

नाही. तो मान पंडित रविशंकर यांचा, १९६८ साली, येहुदी मेन्युहिन यांच्याबरोबरच्या अल्बमसाठी.

१३. आणखी कोणते मोठे सन्मान?

पद्मश्री १९८८, पद्मभूषण २००२, पद्मविभूषण २०२३. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९९० मध्ये. अमेरिकेतल्या पारंपरिक कलाकारांना दिली जाणारी नॅशनल हेरिटेज फेलोशिप १९९९ मध्ये, जपानचा क्योटो पुरस्कार २०२२ मध्ये. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठानं मानद पदवी दिली. झेवियर्सच्या या माजी विद्यार्थ्याला आपल्याच विद्यापीठानं पुन्हा बोलावलं, याचा मला वैयक्तिक आनंद झाला होता.

१४. ‘वाह ताज’ या चहाच्या जाहिरातीमुळे ते प्रसिद्ध झाले ना?

घरोघरी पोहोचले ते त्या जाहिरातीमुळे, यात शंका नाही. मागे ताजमहाल, उडणारे कुरळे केस, बोटांचा वेग आणि ‘वाह उस्ताद’ला दिलेलं ते उत्तर. टीव्ही नुकता घरात आलेल्या पिढीसाठी शास्त्रीय संगीताचा पहिला चेहरा तोच होता. नंतरच्या एका जाहिरातीत त्यांच्याबरोबर वाजवणारा लहान मुलगा म्हणजे आजचे तबलावादक आदित्य कल्याणपूर.

पण क्रम पाहा. शक्तीचे अल्बम सत्तरच्या दशकातले, जाहिरात ऐंशीच्या दशकाच्या अखेरची. जाहिरातवाले त्यांच्याकडे गेले ते नाव आधीच मोठं होतं म्हणून. माझ्या वर्गात त्या काळात आलेली अर्धी मुलं मात्र ती जाहिरात पाहूनच आली होती, आणि त्यातली काही आजही वाजवतात.

१५. त्यांनी चित्रपटात काम केलं होतं का?

हो. ‘हीट अँड डस्ट’ या १९८३ च्या चित्रपटात मोठी भूमिका होती, आणि शशी कपूर व जेनिफर केंडल दोघेही त्यात होते. ‘साज’ या चित्रपटात शबाना आझमींबरोबर दिसले. शेवटी २०२४ च्या ‘मंकी मॅन’मध्ये तबलावादक म्हणूनच. ‘वानप्रस्थम’ आणि ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’ यांचं संगीतही त्यांचं आहे. त्याच नावाचे हिंदी चित्रपटांतले चरित्र अभिनेते ही वेगळी व्यक्ती, हा गोंधळ फार होतो.

१६. माजी राष्ट्रपती झाकीर हुसेन त्यांचे नातेवाईक होते का?

नव्हते. राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन हे शिक्षणतज्ज्ञ, १९६९ मध्ये पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. नावाखेरीज काही संबंध नाही.

१७. ‘उस्ताद’ ही पदवी कुणी दिली?

ही पदवी कागदावर मिळत नाही. थोरांनी म्हणायचं आणि लोकांनी मानायचं. १९८८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा पंडित रविशंकर यांनी भर मैफलीत त्यांना उस्ताद म्हणून हाक मारली, तेव्हापासून ते उस्ताद. वय होतं ३६-३७. ते स्वतः मात्र नेहमी आपण विद्यार्थी आहोत असंच म्हणत. मैफल संपल्यावर सहवादकाला पुढे करून स्वतः मागे उभं राहणं मी इतक्या वेळा पाहिलं आहे की तो निव्वळ विनय होता असं मला वाटत नाही. प्रश्न ८ मधलं साथीचं वळण ते मंचावरून उठल्यावरही सुटत नव्हतं.

१८. लग्नात किंवा कंपनीच्या समारंभात ते वाजवायचे का?

नाही, ते त्यांनी ठरवूनच टाळलं. जिथे लोक खायला-प्यायला आणि गप्पा मारायला जमतात तिथे संगीत ऐकलं जात नाही, अशी त्यांची भूमिका होती. पैसे कितीही असले तरी. वर्गातल्या मोठ्या मुलांना मी हे सांगतो, पण त्याच्याबरोबर हेही सांगतो की सगळ्यांनाच हे परवडत नाही. सनई-चौघड्याचे किंवा ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम करून घर चालवणारा वादक कमी ठरत नाही.

१९. त्यांचं कुटुंब?

पत्नी अंतोनिया मिनेकोला, इटालियन वंशाच्या अमेरिकन. त्या सितारादेवींकडे कथक शिकल्या, आणि झाकीरभाईंच्या कार्यक्रमांची सगळी व्यवस्था त्याच पाहत. १९७८ मध्ये लग्न झालं. अनिसा आणि इझाबेला या दोन मुली.

२०. अमेरिकेत घर केल्यावर मुंबई सुटली का?

घर कॅलिफोर्नियात होतं, पण हिवाळा आला की मुंबई ठरलेली. हंगामभर ते भारतात वाजवत. दोन तारखा तर या शहराच्या पंचांगात बसल्यासारख्या होत्या.

पहिली २८ फेब्रुवारी, जुहूचं पृथ्वी थिएटर. जेनिफर केंडल-कपूर यांचा हा वाढदिवस. १९८४ मध्ये त्या गेल्यावर त्यांच्या आठवणीत झाकीरभाई दर वर्षी या दिवशी तिथे वाजवत. छोटं सभागृह, तीन बाजूंनी प्रेक्षक, आणि बोट शाईवरून उचलल्याचा आवाजसुद्धा ऐकू येईल इतकी जवळीक.

दुसरी ३ फेब्रुवारी. २००० साली याच दिवशी अल्लारखाँसाहेब गेले, मुलगी रझिया हिच्या निधनापाठोपाठ. त्यानंतर दर वर्षी षण्मुखानंद सभागृहात अब्बाजींची, म्हणजे अल्लारखाँसाहेबांची, बरसी (स्मृतिदिनाची मैफल) भरू लागली. पहाटेपासून रात्रीपर्यंत तीन सत्रं. पहिली लोकल पकडून, डबा घेऊन आम्ही किंग्ज सर्कलला उतरायचो. मंचावर जगातला कुठलाही तालवादक दिसायचा. आफ्रिकेचे ढोल, दक्षिणेचं मृदंगम, राजस्थानी खडताल. आणि झाकीरभाई? दिवसाचा मोठा भाग ते इतरांना ऐकत बसलेले असायचे. एका वर्षी सकाळच्या सत्रात कुणी नवा मुलगा वाजवत होता, त्याची तिहाई समेवर आली तेव्हा सभागृहात पहिली ‘क्या बात है’ त्यांची ऐकू आली. मी बाल्कनीत होतो, तरी ती ऐकू आली.

२१. निधन १५ डिसेंबरला की १६ ला?

दोन्ही लिहिलेलं सापडेल. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं. तिथे १५ डिसेंबर २०२४ होती, आपल्याकडे बातमी पक्की झाली तेव्हा १६ ची सकाळ उजाडली होती. शिवाय १५ च्या रात्री इथे आधीच बातमी पसरली, घरच्यांनी ते हयात असल्याचं सांगितलं आणि सकाळी ती खरी ठरली. त्या रात्री झोपलेलं कुणी माझ्या ओळखीत नाही. कारण फुप्फुसांचा फायब्रोसिस. वय ७३.

२२. दफन मुंबईत का झालं नाही?

पत्नी आणि मुली तिकडे, आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षं तिकडे. १९ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोजवळ मिल व्हॅलीच्या फर्नवूड दफनभूमीत त्यांना निरोप दिला गेला. शिवमणी आणि इतर तालवादकांनी तिथे वाजवून मानवंदना दिली. ‘आपला माणूस परक्या मातीत’ अशी हळहळ अनेकांनी माझ्याकडे व्यक्त केली. ती मी समजू शकतो. पण ज्या गावात त्यांनी दोन पिढ्यांना ‘धा’ शिकवला ते गाव त्यांना परकं होतं असं मला म्हणवत नाही.

२३. मला तबल्यातलं काही कळत नाही. ऐकायला कुठून सुरुवात करू?

एकल वादनापासून करू नका. वेगानं दिपून जाल आणि बाकीचं निसटेल. आधी शिवकुमार शर्मा किंवा हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची एखादी मैफल घ्या आणि विलंबित गतीपाशी थांबा. हातावर मात्रा मोजता आल्या तर उत्तम, नाही तर नुसता डग्गा ऐका. त्यानंतर शक्तीचा पहिला अल्बम. त्यानंतर १९८७ चा ‘मेकिंग म्युझिक’, ज्यात हरिजी, मॅकलॉफलिन आणि सॅक्सोफोनवर यान गार्बारेक आहेत. हे सगळं झाल्यावर वडील आणि मुलगा यांची जुगलबंदी शोधा. दोघे शेजारी बसले आहेत, सारंगीवर नगमा, म्हणजे ताल दाखवणारी फिरती धून, चालू आहे. मुलाच्या तुकड्याला बाप मान डोलावतो आणि मग तोच तुकडा जरा निराळ्या वजनानं परत करतो. ते निराळं वजन ऐकू येईपर्यंत तो तुकडा पुन्हा पुन्हा लावा. मला महिना लागला होता.